पदक आणि कागद वेगळे करू नयेत

मी, पद्मिनी मधुकर पिंपळापुरे, वय वर्षे ७४, रेल्वेच्या विभागीय कार्यालयातील निवृत्त मुख्य लिपिक, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि सकाळचा दुसरा चहा घेऊन लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री आमचे डॉक्टर अर्जुन साहू यांनी करून घेतली आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनापर्यंत उतरले आणि मग त्यांच्या मागच्या चिठ्ठीतली तारीख चुकल्याचे त्यांना दाखवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे.

१. चौबे कॉलोनीतील राहते घर माझा मुलगा निरंजन आणि सून शर्मिष्ठा यांना समसमान हक्काने मिळावे. दोघांचीही नावे कागदोपत्री लावावीत. "नंतर बघू" ही निरंजनची सवय आहे, म्हणून शर्मिष्ठाने स्वतः कचेरीत जावे. दागिने शर्मिष्ठाचे. गेली दहा वर्षे तीच घालते आणि तिलाच शोभतात. बँकेतील ठेवी नात गंधालीला.

२. सासूबाईंचे पितळी घंगाळ. याबद्दल मला कबुली द्यायची आहे. माझ्या नणंदबाई लतावन्सं नागपूरहून येतात तेव्हा दरवेळी विचारतात, "घंगाळ कुठं गेलं वं, पद्मिनी?" आणि मी दरवेळी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे बोट दाखवते. वन्सं, तो माणूस निर्दोष आहे. घंगाळ मी २०११ साली बीरगांवच्या एका भंगारवाल्याला दिले. काहून दिले ते पुढे येईलच. माझ्या स्वयंपाकघरातली सगळी पितळी भांडी मी लतावन्संना देत आहे. त्यांनी ती घ्यावीत आणि मला क्षमा करावी. भांडी आधी घेतली तरी चालतील.

३. आता संग्रह. माझ्या कपाटात जुन्या क्रीडास्पर्धांची एकसष्ट पदके आणि स्मृतिपदके आहेत. प्रत्येकासोबत ते देताना दिलेला मूळ कागद आहे: प्रशस्तिपत्र, निवडपत्र, एका ठिकाणी तर नुसती रजेची मंजुरी, कारण त्या मालगाडीच्या गार्डाला सायकल शर्यतीसाठी मिळालेला तोच एक सरकारी कागद. माझा नियम पहिल्या दिवसापासून एकच आहे. कागदाशिवाय पदक घ्यायचे नाही. पदकावर स्पर्धा असते, माणूस कागदावर असतो. १९५४ च्या कबड्डी मेळ्याच्या प्रशस्तिपत्रावर चहाचा डाग आहे. तो काढायचा प्रयत्न कोणी करू नये, मला तो आवडतो.

हा नियम मी एकदाच मोडला, आणि त्यातूनच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली. म्हणून ती इथे सविस्तर लिहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी म्हटले, मग कुठे लिहू?

बीरगांवच्या त्या भंगारात, जुन्या पितळी नळांच्या ढिगाखाली, मला एक पदक दिसले. आंतर-रेल्वे स्पर्धा, १९७१, महिला भालाफेक, प्रथम. मी रेल्वेत लागले १९७२ साली. म्हणजे मी येण्याच्या आदल्याच वर्षी रेल्वेतल्या एका बाईने भाला फेकून पहिला नंबर काढला होता आणि मला पत्ताही नव्हता. भंगारवाल्याने माझा चेहरा पाहिला आणि त्याला कळले की ही बाई पदक सोडून जाणार नाही. तो वजनदार पितळेवर अडून बसला. मी रिक्षाने घरी आले आणि घंगाळ घेऊन गेले.

कागद मात्र मिळेना. शेवटी समजले की तो आमच्याच कॉलोनीत, तीन गल्ल्या सोडून, उदयरावांकडे आहे. श्री. उदय खानझोडे, रेल्वेचे निवृत्त नकाशाकार, यांना जुन्या सुंदर हस्ताक्षरांचा नाद आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात त्यांना ते प्रशस्तिपत्र मिळाले होते. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कागद दाखवला, पण नावावर पोस्टकार्ड ठेवून.

"उदयराव, नाव काहून झाकून राहिले?"

"वहिनी, नाव पाह्यलं की तुम्ही हक्क सांगान. आधी पदक मले द्या, मग पाहा."

"पदक मी नाही देत. कागद तुम्ही मले द्या."

"असं अक्षर आता कोणी काढते का? नाही देत."

मीही मग पदकाची एकच बाजू दाखवली आणि परत आले. अकरा वर्षे असेच चालले. गणपतीच्या आरतीला आम्ही मांडवाच्या दोन टोकांना उभे राहत असू. त्यांच्या घरचे लाडू यायचे बंद झाले, आमच्याकडचा चिवडा जायचा बंद झाला. या काळात मी त्यांच्याबद्दल चार लोकांत जे जे बोलले, ते या मृत्युपत्राद्वारे मागे घेत आहे. "खडूस" हा शब्द मात्र राहू द्यावा.

२०२२ साली गंधाली पुण्याहून सुटीवर आली होती. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर हिंदीत येते. उदयरावांबद्दल माझे पुराण ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आजी, पदक आपके पास, कागज़ उनके पास. पर जिसका है, वो कौन है? ज़िंदा है क्या?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. माणूस कागदावर असतो असे सगळ्यांना ऐकवणारी मी, आणि त्या माणसाची चौकशीच केली नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी चपला घालून तडक उदयरावांकडे गेले आणि पदक त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हटले, "घ्या. फक्त नाव सांगा."

उदयरावांनी पदक उलटून दुसरी बाजू पाहिली आणि आतून कागद आणला, पोस्टकार्डासकट. मग त्यांनी पोस्टकार्ड उचलले. शांता डोमाजी भोयर, लोको शेड, कोळसा भरणारी कामगार. एकतीस मीटर चाळीस सेंटीमीटर.

हुद्दा कळला, म्हणून पेन्शनच्या कागदांतून पत्ता काढता आला. शांताबाई बीरगांवलाच राहत होत्या, त्या भंगाराच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. आम्ही दोघे उदयरावांच्या स्कूटरवर गेलो. शांताबाई, वय तेव्हा ७३, गच्चीवर बिजौरीच्या वड्या वाळत घालत होत्या. खाली आल्या. मी पदक त्यांच्या हातात ठेवले आणि उदयरावांनी कागद.

त्यांनी पदक नुसते तळहातावर तोलले. मग सिलतऱ्याच्या कारखान्यातून नुकताच घरी आलेल्या मुलाला हाक मारून म्हणाल्या, "वाच रे. मोठ्यानं वाच."

त्याने वाचले. मीटरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "माय, मले वाटे तू गंमत करतं."

"पन्नास वर्ष झाले सांगून राहिली," शांताबाई म्हणाल्या. "कोळशाचे टोपले फेकून फेकून हात तयार झाला होता माहा. साहेबानं पाह्यलं अन् काठी देली हातात. क्वार्टर सोडलं तवा हातगाड्यावरून पेटीच गेली, तं कोणाले काय दाखवू?"

उदयरावांनी विचारले, भाला धरायचा कसा. त्यावर शांताबाईंनी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा पाडायचा बांबू उचलला, पदर खोचला, गल्लीत चार पावले धावल्या आणि बांबू सोडला. तो शेजारच्या बांधकामाच्या वाळूत जाऊन रुतला. अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, बाहेर आला. उदयरावांनी पावलांनी अंतर मोजले, पुन्हा मोजले, आणि गंभीरपणे जाहीर केले, "सोळा पावलं."

पदक आणि कागद तिथेच ठेवून आम्ही निघालो. वाटेत उसाचा रस प्यालो. उदयराव म्हणाले, "वहिनी, कपाट रिकामं रिकामं वाटन आता." मी म्हटले, "मलेही." पण खरे सांगते, त्या दिवशी मी फार आनंदात होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून लाडू आले.

वर्षभराने शांताबाई ऑटो करून आमच्या दारात उतरल्या. पिशवीतून पदक आणि कागद काढला. "साऱ्यांनी पाह्यलं," त्या म्हणाल्या. "सुनांनी, नातवांनी, वस्तीतल्या लोकायनं. आता घरात ठेवलं तं पुन्हा पेटीत जाईन अन् पेटी कुठं जाते ते मले माहीत आहे. तुम्ही दोघं सांभाळा. पण काचेत नको. शाळेतल्या पोट्टींच्या हाती देत जा. हाती घेतल्याशिवाय काय समजते?"

तेव्हापासून ही जोडी बासष्टावी आहे, आणि गेले दोन जानेवारी महिने ती बीरगांवच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या दिवशी हातोहात फिरली आहे. यंदा एका मुलीने पदकाला दात लावून पाहिले. खूण राहिली आहे. कागदासोबतच्या चिठ्ठीत मी तिचे नाव आणि तारीख नोंदवली आहे.

४. म्हणून माझी इच्छा अशी. सर्व बासष्ट जोड्या गंधालीने सांभाळाव्यात. शांताबाईंच्या जोडीवर अर्धा हक्क उदयरावांचा आहे आणि तो मला मान्य आहे. वर्षातून एक दिवस सगळा संग्रह कोणत्या ना कोणत्या शाळेत न्यावा आणि मुलींच्या हाती द्यावा. एखाद्या पदकाच्या मूळ मालकाचे घर सापडले, तर जोडी आधी तिथे न्यावी. त्यांनी ठेवून घेतली तर हसत परत यावे. "कागद नसले तरी चालेल, नुसती पदकं द्या" म्हणणारा एक व्यापारी दर दिवाळीला फोन करतो. त्याला फराळ द्यावा, पदके देऊ नयेत.

५. उदयराव माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहेत. तरी त्यांनी माझ्या आधी जाण्याची घाई करू नये. प्रत्येक जोडीच्या पाकिटावर त्यांच्या अक्षरात नाव घालायचे काम अजून चाळीस पाकिटांचे बाकी आहे.

६. माझ्या मागे भाषणे नकोत. तेराव्याला बासुंदी करावी.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोनदा वाचले, आणि खालील साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली.

पद्मिनी मधुकर पिंपळापुरे
स्थळ: रायपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

साक्षीदार १: डॉ. अर्जुन साहू, रायपूर. मृत्युपत्रकर्तीने माझ्यासमोर सही केली. तारखेची चूक दुरुस्त केली आहे.

साक्षीदार २: शांता डोमाजी भोयर, बीरगांव. यांनी सांगितले तसे लिहून घेतले: "बाईनं माह्यासमोर सही केली. हात थरथरला नाई. दोन वाट्या पोहे खाल्ले. मले तं काई ह्या एवढ्यात जाताना दिसत नाई."