राहीसाठी बांधलेली न्हाणी

सावर्डे,
ता. १४ नोव्हेंबर १९८४

सौ. यमुनाबाई विहीणबाईंना आत्मारामचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. भात झोडून झालं. राहीच्या पायांची सूज उतरली का, कळवावं. व्याह्यांनाही नमस्कार.

गणपतीत तुम्ही म्हणालात, "पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही कळते. पण मागल्या दारी अंधारात न्हायला मी सून धाडायची नाही." आता पडवीला लागून चिऱ्याची न्हाणी बांधली आहे. घरातून घरातच जायचं.

दिव्याची वायर स्वयंपाकघराच्या लाइनीवरून घेतली. टेस्टर आधी चालू वायरीला लावून पेटतो ना ते पाहिलं, मग मेन पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवला, पुन्हा टेस्टर लावला आणि मगच हात घातला. बटण न्हाणीबाहेर, तेही फेजच्या वायरीवर. बंद केलं की दिव्यापर्यंत वीजच नाही. आत प्लग ठेवला नाही. पाणी चुलीवरच तापेल, हीटर त्या लाइनीला झेपायचा नाही. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक पडते, म्हणून अर्थिंगचा खड्डा केळीपाशी खणला, जिथे न्हाणीचं पाणी जातं. मी कुठे शिकलेला नाही, तरी वायरमनला बोलावून दाखवलं. त्याला खोट सापडली नाही.

जनीला सापडली. माझी बहीण बुरोंडीहून आली आहे. आधी म्हणाली, "दादा, न्हाणी बांधलीस की पावरहाऊस?" मग पाटावर पाय पसरून बसली. "दिवा माझ्या पाठीशी. पायांवर पोर घेतलं की माझी सावली त्याच्या तोंडावर. नाक-कान दिसायचे कसे?"

दिवा समोरच्या भिंतीवर घेतला. राही तान्ही असताना तिची आई विमला तिला न्हाऊ घालायची, तेव्हा मी दाराशी घागर ठेवून निघून जायचो. आत कधी पाहिलंच नाही.

तुमचं म्हणणं नुसतं अंधाराचं नव्हतं, हे मला कळतं. विमला गेल्यावर या घरात बाई नाही, तिथे बाळंतीण ठेवायची कुणाच्या भरवशावर, हे तुम्ही तोंडावर बोलला नाहीत, एवढा माझा आब राखलात. जनी बारशापर्यंत राहील. पुढे मी एकटा.

तेव्हा तुम्हीही राहीबरोबर यावं. विहिणीने सुनेच्या माहेरी मुक्काम करायची आपल्यात पद्धत नाही, ठाऊक आहे. लोक हसतील ते मला हसतील. घर तुमच्या शब्दाने चालेल, मी मध्ये बोलणार नाही. पण पोरीला एकदा तिच्या आईच्या घरी बाळंत होऊ द्या.

एवढं मागणारा,
राहीचा बाप
आत्माराम