गवतावरची मॅच

अण्णा, तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली. वडिलांशी बोलायचं राहून गेलं, असं लोक हळहळून सांगतात. माझं तसं काही नाही, मी तुमच्यासमोर गरजेपेक्षा जास्तच बोललो. गावच्या टूर्नामेंटला तुम्ही अंपायर आणि मी मंडपात माइकवर, ते दिवस आठवतात. कापलेल्या भाताच्या मळ्यात पिच, तुमची इस्त्रीची पांढरी टोपी, आणि कॉलेजात जायला लागल्यामुळे गावाची टर उडवण्याचा परवानाच मिळालाय अशा थाटातला मी. शेजारच्या वाडीतला एक बॅट्समन रन काढत असताना मी काहीतरी बोललो. माणसं हसली, तो मध्येच थांबून मंडपाकडे बघत राहिला आणि रनआउट झाला. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई आमटी वाढते आहे, आणि मी तोच विनोद तिला पुन्हा करून दाखवतो आहे. भात कालवता कालवता तुम्ही म्हणता, "मी त्याला नियमाने आउट दिला. तू कशाने दिलास?" मी म्हणतो, "अण्णा, लोक हसायला येतात." तुम्ही ताटात हात धुता आणि उठता.

मस्कतला आलो तेव्हा ती जीभ बरोबर आणली. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली, तोंड उघडून पाहिलं नाही. मी हेड ऑफिसात होतो, आणि आमच्या कंपनीच्या दोन टीम होत्या. वरची टीम मोठ्या डिव्हिजनमध्ये, हिरव्यागार गवताच्या मैदानावर खेळायची. खालची टीम शुक्रवारी सकाळी अल अमेरातच्या उघड्याबोडक्या डोंगरांखाली, खडी दाबून केलेल्या मैदानावर. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची मॅट. या खालच्या टीमचा मी समालोचक, कोणी नेमलेला नसताना. गाडीच्या बॉनेटवर स्पीकर ठेवायचा आणि सुरू. मराठी कुटुंबं पोह्यांचे डबे घेऊन यायची, आणि ती क्रिकेट बघायला येत नव्हती हे मला पक्कं माहीत होतं.

टीममध्ये गुहागरकडचा एक पंप मेकॅनिक होता. सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमधून त्याच्यासारखी मंडळी पहाटे अंधारात बस पकडून दोन-अडीच तासांनी पोचायची. सीझनच्या पहिल्याच मॅचला त्याच्या हातातून सोपे कॅच सुटले आणि मी त्याचं नाव ठेवलं, चाळण. व्हॉट्सअॅप तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या फोनवर आलं होतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत ते नाव सोहारला पोचलं होतं. वर्कशॉपचा पेशावरी फोरमनसुद्धा त्याला "ओ चाळण, यल्ला, चल" अशी हाक मारायचा, नावाचा अर्थ माहीत नसताना.

तो चिडला नाही. सुधारायला लागला. अण्णा, हे सगळ्यांत आधी मला दिसलं. माइकवरच्या माणसाला दुसरं काम काय, बघण्याशिवाय? आधी तो बॉलला घाबरून मागे सरायचा. थंडी सुरू होईस्तोवर त्याचा पुढचा पाय हलू लागला, आणि मॅटवरून उसळणारा बॉल तो सोडायला शिकला. हात मऊ झाले. एकदा ड्रिंक्सच्या वेळी पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, "आमच्या लेबर कॅम्पमागे कंटेनर आहे ना, त्याच्या नागमोडी पत्र्यावर बॉल मारतो. कुठे उडेल सांगता येत नाही, मग पकडायला बरं. फरक दिसतो का हो दादा?"

दिसत होता. मी म्हणालो, "पत्र्याला विचार." बाजूचे हसले, तोही हसला. मग म्हणाला, "वरच्या टीमला गवत आहे ना. गावात मळ्याची ढेकळं, इथे खडी. गवतावर डाइव्ह मारली की लागत नाही म्हणतात." मी माइक पुसत होतो.

शेवटच्या मॅचला त्याची बायको आली होती. व्हिजिट व्हिसावर महिनाभरासाठी आलेली, स्पीकरच्या अगदी समोर बसली होती. माझ्या पहिल्या दोन-तीन वाक्यांना बाकीच्यांबरोबर मनापासून हसली. मग शेजारणीला विचारलं, "चाळण कोण हो?" शेजारणीने बोट दाखवलं. त्यानंतर ती हातातला डबा उघडत आणि बंद करत राहिली.

आणि त्याच दिवशी त्याने कॅच घेतला. पॉइंटला उभा होता, उजवीकडे खडीवर अंग टाकलं आणि जमिनीपासून वीतभर वर बॉल पकडला. उठला तेव्हा कोपरातून रक्त येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "आज चाळणीची भोकं बुजली बहुतेक." टाळ्यांचं हसू झालं.

मॅच संपल्यावर कंपनीचा स्पोर्ट्स सेक्रेटरी माझ्या गाडीपाशी आला. वरच्या टीमसाठी खालून एकच जण घ्यायचा होता. क्रिकेट त्याला कळत नसे, हे तो मोकळेपणाने सांगायचा. म्हणाला, "वो पंपवाला, कैसा है? उसको ऊपर लें क्या? आप तो हर मैच देखते हो."

मी म्हणालो, "ले लो सर. सामनेवाली टीम दुआ देगी."

तो खूप हसला, पाठीवर थाप मारली, आणि दुसऱ्याला घेतलं, एका स्टोअरकीपरला. तो बरा खेळायचा, इतकंच.

बस सुटायच्या आधी पंपवाला माझ्याकडे आला. कोपराला रुमाल बांधलेला, बायको दोन पावलं मागे. "दादा, साहेबांनी तुम्हाला काही विचारलं का माझ्याबद्दल?"

"नाही रे. हे सगळं वर ठरलेलं असतं."

"खलास मग," तो म्हणाला. बायकोला म्हणाला, "चल गो." पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधीच व्हिसा कॅन्सल करून तो गावी गेला. गवतावर खेळला की नाही, माहीत नाही. गुहागरकडे गवत पावसाळ्यात असतं आणि तेव्हा क्रिकेट नसतं.

हे मी घरात एकदाच सांगितलं, बायकोला, तेही असं की सेक्रेटरीसमोर ते वाक्य सवयीने तोंडातून निघून गेलं. तिने मान डोलावली. माझी सवय तिला ठाऊक आहे. तुम्ही मात्र मान डोलावली नसती, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. आणि तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. अण्णा, तोंडातून निघून गेलं नव्हतं. सेक्रेटरीने विचारलं तेव्हा मी बाटली उघडून पाण्याचा एक घोट घेतला होता. पंपवाला वरच्या टीममध्ये गेला तर पुढच्या वर्षी मी माइकवर काय बोलणार, हा विचार तेवढ्या वेळात करून झाला, आणि मग मी बोललो.