दोरीवर दोघांचेच कपडे

रेवाताई,

आईला आणायला सेंट्रल स्टेशनवर जातो आहे. ती अचानक येते आहे, आणि हा दोष माझा. छायाचित्रांचे संकेतस्थळ रचायला शिकतो आहे. चित्राला बोट लावले की ते पडदाभर मोठे होते, हे जमल्याच्या आनंदात मी तिला लिंक पाठवली. मला आपल्या गच्चीवरचा समुद्राकडचा पांढुरका उजेड दाखवायचा होता. तिने चित्र मोठे केले आणि परवा फोनवर विचारले, "अरे, दोरीवर तुझे नि रेवाचेच कपडे. जावईबापूंचा एकही शर्ट नाही?"

भाऊजी घर सोडून गेले, हे मी सांगितले नाही. पण खोटेही बोलता आले नाही. वाटेतही सांगणार नाही. सांगायचे ते तू सांग. फक्त तिच्यासमोर हसत राहू नकोस, ताई. त्या हसण्याने आता मीही थकलो आहे.

शार्दूल