उजवीकडे दोन फेरे

रविवार, ता. १४
दुपारचे तीन

चिरंजीव बारकू,

आईचा आशीर्वाद तुला एक, सुनेला दोन, आणि त्या नव्या पाहुणीला मोजायचेच नाहीत इतके. फोटो पोचला. मी आजी झाले रे! पोस्टमन समोर उभा होता, त्यालाच आधी सांगितलं. मग खालच्या शिंपीणबाईंना, मग जिन्यात ज्याचं तोंड दिसलं त्याला. नाक तुझ्या बाबांचं आहे, सुनेला सांगू नकोस. कान माझे. बिचारी.

पाकिटावर सुनेने अक्षर किती सुरेख काढलंय. माझं बघ, कोंबडीने पाय पुसल्यासारखं. चौथीच्या पुढे मी शाळा बघितली नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका पोटात घाल.

इकडे सगळं ठीक. जिन्याला रंग दिला, हिरवा, औषधाच्या बाटलीसारखा. बाबा ठीक आहेत. म्हणजे झोपून असतात. पलंग स्वयंपाकघरात आणलाय, माझी बडबड ऐकायला कोणीतरी हवं ना. डॉक्टर येतात, बाबांचं पोट तपासतात आणि माझ्याशी बोलतात ते मात्र बाहेर, जिन्यात.

फोटो मी बाबांच्या हातात दिला. नऊ वर्षांत या घरात तुझं नाव निघालेलं नाही. त्यांनी चष्मा मागितला. खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, बिअरचं एक पिंप मागव. नातीच्या नावाने एक ग्लास घेतो. बाटलीतली नको. नळाची."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता जे मागतील ते द्या." आणि बॅग बंद करायला लागले. ती आधीच बंद होती.

पिंप घेऊन जाड्या आला. तोच रे, आपल्या बिअरच्या दुकानात पिंपं उतरवायचा. आता डोक्यावर एक केस नाही. छोटं पिंप फ्रिजमध्ये बसवलं, बाजूला गॅसची टाकी, टाकीवर रेग्युलेटर. गॅसच्या दाबाचा काटा बारावर आणून ठेवला आणि म्हणाला, "काकू, उद्यापर्यंत गार होऊ द्या. आणि ह्या काट्याकडे बघायचं फक्त. हात लावायचा नाही."

मला कुठला धीर! संध्याकाळीच नळ सोडला. ग्लासभर फेस आणि तळाशी चमचाभर बिअर. म्हटलं गॅस जास्त येतोय, जरा बंद करावा. रेग्युलेटरचा स्क्रू धरला आणि आवळला, पाण्याचा नळ आवळतो तसा, उजवीकडे दोन फेरे. थोडं थांबले आणि पुन्हा नळ सोडला. अरे बारकू! फेस छतापर्यंत! माझ्या चष्म्यावर, बाबांच्या पांघरुणावर, तुझ्या मुलीच्या फोटोवर (लगेच पुसला, काही झालं नाही). मी हसत सुटले. बाबाही हसले, किती महिन्यांनी हसले, खोकला येईपर्यंत. टाकीकडून सुस्स आवाज येत होता, तो त्यांनी कान देऊन ऐकला. म्हणाले,

"उजवीकडे कोणी फिरवलं?"

जरा चहा करून येते.

चहा झाला. कपही विसळला. ओटा पुसला. आता लिहिते.

हेच शब्द होते नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी. सामन्याचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, नळाला नुसता फेस, आणि गिऱ्हाईकं ग्लास आपटतायत. बाबा तळघरात जाऊन काटा बघून आले आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, उजवीकडे कोणी फिरवलं? तू म्हणालास, मी हात लावला नाही. त्यांनी मारलं. तू पुन्हा तेच म्हणालास, पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा तू ते हळू म्हणालास, एप्रन काढून ठेवलास आणि निघून गेलास. चोवीस वर्षांचा मुलगा. मी काउंटरमागे ग्लास पुसत होते. एकच ग्लास, तोच तो.

सकाळी तळघर झाडायला मी गेले होते. टाकीपाशी सुस्स ऐकू आलं. वाटलं, गॅस वाया जातोय. आवळला. उजवीकडे दोन फेरे. वर येऊन कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काय होतं त्यात? मग फेसाचा गोंधळ झाला तेव्हा मनाशी म्हटलं, मी तर बंद केलं, बंद केल्याने कुठे फेस येतो. तसं म्हटलं की बरं वाटायचं. नऊ वर्षं तेच म्हणत आले. पण तो स्क्रू कुठल्या बाजूला बंद होतो, एवढं काही कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच विचारलं नसेल.

बाबांना सांगितलं. छतावरून फेसाचे थेंब पडत होते. म्हटलं, "दुकानातही मीच फिरवला होता."

त्यांनी पांघरुणावरचा फेस हाताने निपटला. मग म्हणाले, "तीनदा सांगत होता गं तो."

वाटलं, आता मला बोलतील. बोलायला हवं होतं. तसं काहीच नाही. म्हणाले, "आधी टाकी बंद कर. पिंपात साठलेला गॅस सोड. मग स्क्रू डावीकडे. आवळला की दाब वाढतो, सोडला की उतरतो." पडल्या पडल्या एकेक सांगत गेले, मी करत गेले. पस्तीस वर्षं त्या दुकानात ग्लास धुतले, आणि हे आत्ता शिकले.

तिसऱ्या दिवशी ग्लास असा भरला म्हणून सांगू! सोनेरी, स्वच्छ, वर दोन बोटं फेस, बसायचं नाव नाही. मी नाचायचीच काय ती राहिले. बाबांनी ग्लास उजेडाकडे धरला, मी खालून आधार दिला. नीट निरखला आणि परत दिला.

"तो आल्यावर," म्हणाले.

तेव्हापासून रोज सहाला एक ग्लास भरते. ते बघतात, "बरोबर आहे" म्हणतात, आणि मी सिंकमध्ये ओतते. काल "बरोबर आहे" म्हणाले तेव्हा डोळे मिटलेले होते.

जाड्या म्हणतो, पिंप अजून तीन आठवडे चांगलं राहील. डॉक्टर जिन्यात बोलले ते त्याहून कमी आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तुझं तू ठरव. माझं तोंड बघायचं नसेल तर मी खाली शिंपीणबाईंकडे जाऊन बसेन, त्यांच्या मांजरीला पाच पिल्लं झालीत, वेळ जाईल माझा. पण ये. बाळाला एवढ्या प्रवासात आणू नकोस, फोटो उशाशीच आहे. काटा बारावर आहे. रेग्युलेटरभोवती मी फडकं बांधून ठेवलंय, न जाणो, माझाच हात जायचा.

आणि हे पत्र जपून ठेव. नऊ वर्षांपूर्वी तोंडाने बोलायला हवं होतं ते आज कागदावर आहे.

तू हात लावला नव्हतास, हे लिहून देणारी,
तुझी आई