फणीला कळू नये अशी गाठ

आप्पा,

काल तळ्यावर एका म्हाताऱ्या पाहुण्याने मी मारलेली गाठ चष्मा वर सारून डोळ्याजवळ धरली आणि विचारलं, "किसने सिखाया?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. खरं तर अर्धी तुम्ही शिकवलीत आणि अर्धी इथल्या राखणदाराने, पण मी तुम्हालाच पुढे केलं. राखणदार मागेच उभा होता. त्याने नाकातून एक आवाज काढला. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मी चौथीतनं उठलेला, त्यामुळे हा सगळाच वेडेपणा आहे. पण आज सोमवार, तळं बंद. माशांना सुट्टी. होडीच्या शेडमध्ये बसलोय, बाहेर धुक्यात समोरचा काठ दिसत नाही, आणि हाताला काम नाही. माझ्या हाताला काम नसलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी कुठे आहे ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल, "ह्यो कुटं उलथलाय आता?" निलगिरीच्या डोंगरात आहे, लई लांब. तुमच्यामागं मी हॉटेल धरलं, सोडलं. गॅरेज धरलं, सोडलं. टायरचं दुकान तर आठ दिवसांत सोडलं. दुष्काळाच्या साली चादरींचा ट्रक दक्षिणेला निघाला होता, त्यावर क्लीनर म्हणून चढलो. ट्रकवाले चाचा सोलापूरचेच. वर डोंगरात पोचल्यावर गिऱ्हाइकांची झुंबड बघून म्हणाले, "यां के लोगां चादर पो ऐसे टूट पड़ते, जैसे अपने कने पानी का टँकर आया." खरंच आहे. आपण तिकडं घामाने निथळत चादरी विणायचो आणि पांघरायच्या वेळी पंचासुद्धा अंगावर नको व्हायचा. ती चादर कुणासाठी असते ते मला इथं येऊन कळलं. इथं वैशाखातही लागते. चाचा माल संपवून परत गेले, मी राहिलो. आई ताईकडे वैरागला आहे, बरी आहे, तिला महिन्याला पत्र जातं. तिच्या पत्रात मी एवढंच लिहितो की तळ्यावर नोकरी आहे. बाकीचं तिला सांगून पटणार नाही.

तुम्हालाही पटणार नाही, पण ऐका. चहाच्या मळ्यावाल्यांचं हे खासगी तळं आहे. त्यात ट्राउट नावाचा मासा असतो, थंड पाण्याचा, अंगावर ठिपके आणि कुशीला गुलाबी पट्टा. तो इथला नव्हे. हॅचरीतून बोटाएवढी पिलं पत्र्याच्या डब्यांतून आम्ही आणतो, आणि घाटभर डबे हलवत बसतो, कारण पाणी निवांत राहिलं की पिलं गुदमरतात. ती तळ्यात सोडायची, वर्ष-दोन वर्षं राखायची. मग तिकीट काढून पाहुणे येतात. गळाला गांडूळ लावायचं नाही, ते हलकं समजतात. कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशीम गळावर गुंडाळून आम्ही खोटी माशी बनवतो, ती पाहुण्याने लांब काठीने पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटावं, खरीच बसली. आणि एवढं करून मासा वितीएवढाच निघाला तर परत सोडायचा. मला तुमचं बोलणं इथून ऐकू येतंय, आप्पा: "आरं, तुमीच सोडायचा, तुमीच पोसायचा, तर टोपली घालून काढा की! त्याला काठी नाचवायची काय गरज?" पहिले चार दिवस मीही हेच म्हणत होतो. मग एकदा म्हाताऱ्या राखणदाराने माझ्या हातात काठी दिली. काठीची दोरी हवेत मागे जाते, तिथे क्षणभर थांबते, मग पुढे उलगडते. मी जोर केला तर सगळा गुंता माझ्याच टोपीवर. म्हातारा हसला. आणि एकदम मला तुमचा आवाज आला, मागावर धोटा पळवायची दोरी ओढायला शिकवताना काढायचात तो. "मनगट हलू दे, लेका. खांदा न्हाय. खांद्यानं वझं उचलत्यात, धोटा न्हाय." मी खांदा सोडला, नुसतं मनगट झटकलं. दोरी सरळ गेली आणि माशी पाण्यावर अशी बसली की तरंगसुद्धा उठला नाही. म्हाताऱ्याचं हसू थांबलं. त्या दिवशी मला गवत कापायच्या कामावरून काढून पाहुण्यांबरोबर द्यायला लागले. बाकीच्या पोरांना जे सहा महिन्यांत जमत नाही ते तुमच्या मागाने मला आधीच शिकवून ठेवलं होतं.

त्याचीच मला घमेंड चढली. गेल्या वर्षीची गोष्ट. काल आले होते तेच पाहुणे, कोईमतूरकडच्या एका सूतगिरणीचे म्हातारे मालक. लहानपणी ते स्वतः गिरणीत तुटकी सुतं जोडायला उभे असायचे म्हणे. हिंदी त्यांची आणि माझी सारखीच मोडकी, म्हणून आमचं जमतं. त्यांच्या दोरीच्या टोकाचा बारीक नायलॉनचा धागा आखूड झाला होता, जोड द्यायचा होता. राखणदार पलीकडच्या काठाला. मी म्हटलं, मी देतो. आणि मी तुमची गाठ मारली, आप्पा. तीच, जी तुम्ही मला सुताच्या कांड्या भरायच्या वयात एका हाताने मारायला शिकवलीत. सुताला थुंकी लावायची, दोन्ही टोकं चिमटीत धरायची, अंगठ्याखालून फास फिरवून खेचायची. "गाठ अशी पायजे की फणीला कळू नये," असं तुम्ही म्हणायचात. मागाच्या फणीच्या दातांतून ती सुळकन गेली पाहिजे, अडली तर धागा परत तुटणार. माझी गाठ काठीच्या कड्यांतून सुळकन गेली. मी छाती काढून उभा राहिलो. घटकाभरात मोठा मासा लागला, तळ्याच्या खोल बाजूला राहणारा, ज्याची सगळे वाट बघत होते. काठी वाकून कमान झाली, मालक ओरडले, मी जाळी घेऊन मांडीभर पाण्यात शिरलो. आणि काठी एकदम सरळ झाली.

धागा वर आला. मालकांनी टोक बघितलं. ते तुटलं नव्हतं, पिळून वेटोळं झालं होतं. "टूटा नहीं," ते म्हणाले, "छूटा." मग हळूच म्हणाले, "ये तो माग का गाठ. सूत में चलता, नायलॉन में नहीं." सूत सुताला धरून बसतं, नायलॉन गुळगुळीत, पाण्यात ते गाठीतनं सरपटत बाहेर येतं. हे तुम्हाला तरी कुठून माहीत असणार? पण तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की आप्पांची गाठ सुटली, चार लोकांसमोर. राखणदार काठ फिरून आला तो तोंड सोडतच आला. "तुमको कौन बोला? गाठ का काम तुम्हारा नहीं! कल से शेवाळ निकालो!" शेवाळ म्हणजे दिवसभर कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात वाकून, दाताळं घेऊन. ते काम नवख्याला देतात.

माझं एक होतं, आप्पा, की बोलणं बसलं की मी निघायचो. हॉटेलातनं असाच निघालो, गॅरेजातनं असाच. सकाळी उठून पिशवी भरली. चादर घडी करायला झटकली, आणि खिडकीच्या उजेडात ती रेघ दिसली.

ती चादर तुम्ही ओळखाल. तुम्हाला ताप होता, तुम्ही खाटेवर पडून होतात आणि पहिल्यांदाच मला एकट्याला मागावर बसवलंत. "सावकाश हान. धागा तुटला की थांब, जोड, मग फुडं. बाकी काय शानपणा करू नको." तेवढ्यात खिडकीतून मित्राने हाक मारली, "चल की! सात रस्त्यावर ट्रेलर अडकलाय, साखर कारखान्याचा बॉयलर हाय त्येच्यावर, घराएवढा!" मी भराभर हाणली, चादर पुरी केली आणि पळालो. बॉयलर बघितला. खरंच घराएवढा होता. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने चादर उजेडात धरली, तर एका बाजूला तीन हात लांब रेघ, केसात भांग पाडावा तशी. एक उभा धागा तुटला होता आणि मी तसाच विणत गेलो होतो. व्यापारी म्हणाला, "ही चादर हाय का मासं धरायचं जाळं?" सगळे हसले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही व्यापाऱ्याला म्हणालात, "पोराची नजर अजून बसली न्हाय. चूक माझी हाय, ठेवा बाजूला." मग माझ्याकडे वळून, "दिसला न्हाय व्हय रं धागा?" मी म्हटलं, "न्हाय दिसला." तुम्ही मान हलवलीत. "हात चांगला हाय ह्येचा," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "नजर बसंल. बूड तेवडं टेकाय पायजे."

त्या सकाळी पिशवी भरलेली होती आणि मी बूड टेकलं. दाताळं घेऊन शेवाळात उतरलो. दोन महिने पाय बधिर. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी राखणदाराच्या पायरीवर जाऊन बसायचो, नायलॉनचे तुकडे घेऊन. आठ दिवस त्याने माझ्याकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी जेवणाचा डबा खाली ठेवून म्हणाला, "इधर दो." दोन टोकं समोरासमोर आणायची, या बाजूला पाच वेढे, त्या बाजूला पाच, मधल्या फटीतून टोकं काढायची आणि हळू ओढायची. मी ओढायच्या आधी गाठीला थुंकी लावली, हात आपोआपच गेला. म्हातारा थबकला. "ये कौन बोला तुमको?" नायलॉन कोरडं ओढलं तर घासून तापतं आणि कमजोर होतं, म्हणून ओलं करावं लागतं, पण नवख्यांना हे चार वेळा सांगूनही सुधरत नाही. मी म्हटलं, "बाप." तो म्हणाला, "बाप ठीक था. गाठ ठीक नहीं था." आप्पा, ह्याच्याहून मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलेलं नाही.

काल मालक परत आले आणि माझंच नाव घेऊन म्हणाले, हाच पाहिजे. राखणदाराने हो म्हटलं. माशी मी बनवलेली, जोड मी दिलेला. दुपारपर्यंत काही नाही. मग खोल बाजूला मासा लागला. गेल्या वर्षीचाच होता असं मी म्हणणार नाही, पण जातीचा तोच. काठी तशीच कमानीसारखी झाली, रीळ ओरडायला लागलं, आणि मी जाळी धरून पाण्यात उभा. मासा माझ्याकडे येत नव्हता, मी फक्त गाठीकडे बघत होतो, ती पाण्याबाहेर येई, परत आत जाई. तीन वेळा आली, तीन वेळा गेली. धरून राहिली. मासा जाळीत आला तेव्हा मालकांच्या आधी मी ओरडलो, आणि आपल्या भाषेत ओरडलो, "धरली की, आप्पा!" कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी ती गाठ डोळ्याजवळ धरली आणि विचारलं ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. मग म्हणाले, "और मक्खी में ये लाल धागा कौन सा?" मी म्हटलं, घरचा आहे.

तो तुमच्या चादरीचा आहे. रेशमी धागा ओला झाला की काळपट पडतो, आपला मरून रंग पाण्यातही मरून राहतो. त्या रेघेच्या कडेचा एक धागा मी ओढून काढला. म्हणजे आता भांग दोन धाग्यांचा झाला. विणलेल्या कापडातनं धागा ओढणारा माणूस तुम्ही दारात उभा केला नसता, माहीत आहे. पण ती माशी आता राखणदाराच्या पिसांच्या डब्यात पहिल्या खणात आहे, आणि त्याने मला आणखी सहा करायला सांगितल्यात. हा कागदही त्याच डब्याच्या तळाशी घालीन. टपालात टाकायला पत्ता कुठला आहे?

एकच राहिलं. चादर परत आल्यावर आठ दिवसांनी तुम्ही कामाचा दिवस मोडून मला सात रस्त्याजवळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंत. मी भिंतीवरची शेवटची बारकी ओळसुद्धा खडाखडा वाचली. डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, चष्मा कशाला? घारीची नजर आहे पोराची." बाहेर येऊन तुम्ही मला उसाचा रस पाजलात, स्वतः घेतला नाहीत. घरी आल्यावर कोपऱ्यातली ती चादर काढून माझ्या खांद्यावर टाकलीत. "ही तुझीच. पांघर." मला तेव्हा वाटलं, बक्षीस आहे. तुम्ही पुढच्या वर्षी गेलात, आणि परत कधी विचारलं नाहीत.

दिसला होता, आप्पा. उजव्या हाताकडचा धागा, मरून. तुटून वर उडाला, मी त्याच्याकडे बघितलं, आणि धोट्याची दोरी ओढली.