काजं करता करता ऐकलेली कादंबरी

३ फेब्रुवारी, सोमवार
आज एकच प्रकरण वाचलं. "अजून एक वाच की," हे म्हणाले. नाही म्हटलं. वाचनालयाची वर्गणी महिन्याची, पुस्तकही अजून पंधरवडाभर पुरायला हवं! मी वाचते, हे शर्टांना काजं करत ऐकतात. दिवसभर दुकानात शिवणयंत्राची खडखड, मग ही तासभराची शांतता — आमच्या दोघांची.
कादंबरीतला नवरा बायकोवर संशय घ्यायला लागलाय. सोन्यासारखी बायको. देव त्याला बुद्धी देवो.

५ फेब्रुवारी
त्याने तिला घराबाहेर काढलं. वाचताना दोनदा चष्मा पुसला. ह्यांनी उठून पाणी दिलं.

६ फेब्रुवारी
डबा घेऊन दुकानात गेले, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स ह्यांना विचारतेय, "मग? खरंच काढलं तिला?" आणि हे हसत हसत सांगताहेत. कालचं. माझ्या तोंडून ऐकलेलं!
डबा ठेवला नि मागे फिरले. गालाला खळी पडते तिच्या.

७ फेब्रुवारी
घसा दुखतो म्हटलं. वाचलं नाही. "गुळण्या कर," म्हणाले. करून दाखवल्या.

८ फेब्रुवारी
आजही नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं. हे मुकाट्याने जेवले — त्याचाही राग आला.

९ फेब्रुवारी, रविवार
देवापुढे बसले तरी मनात ती खळी. आणि एकदम आठवलं — कादंबरीतला नवराही आधी माझ्यासारखाच गप्प गप्प राहायला लागला होता. त्याला नावं ठेवत होते मी!
तेवढ्यात दार वाजलं. दारात नर्स, तिची सासू आणि सायकल दुरुस्तीवाले दादा.
"वहिनी, घसा बरा आहे का? आमची गोष्ट अडकलीय."
रोज सकाळी हे आदल्या दिवशीचं प्रकरण दुकानात सगळ्यांना सांगतात म्हणे. "तुम्ही डबा आणलात त्या दिवशी मीही होतो की तिथे. तुम्ही बघितलंसुद्धा नाही," दादा म्हणाले.
"काका हुबेहूब तुमच्यासारखं सांगतात," नर्स म्हणाली. "रडू आलं की चष्मा पुसायचा, तेसुद्धा."
तिच्या सासूबाईंची तक्रार वेगळीच. "तुम्ही आजारी पडलात आणि टेलरमास्तरांनी गोष्ट आपल्या मनानेच पुढे रेटली. तो नवरा माफी मागून बायकोला घरी आणतो म्हणे. पुस्तकात आहे का असं? असले नवरे काही मी पाहिले नाहीत बाई."
हे कानापर्यंत लाल. मी चहा टाकला. साखर घालताना हात आखडला नाही.

१६ फेब्रुवारी
शेवटचं प्रकरण दुपारी एकटीने वाचून पाहिलं. ती परत येतच नाही.
संध्याकाळी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि ह्यांचाच शेवट वाचला, मनाने रचून. मधे मधे पानंही उलटली.
"असाच आहे ना शेवट?" ह्यांनी विचारलं.
"असाच."
देवा, एवढं खोटं पोटात घाल.

१७ फेब्रुवारी
पुस्तक परत केलं. ग्रंथपाल म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना तोंडपाठ आहे ही. लग्नाआधी किती वेळा नेली असेल!"
म्हणजे खरा शेवट ह्यांना ठाऊक होता.
नवी कादंबरी घेतली. कपाटातली सगळ्यात जाड.