फॉर्मचं शेवटचं पान

अप्पा, सकाळपासून मी चार वेळा या टेबलाशी बसले आणि चार वेळा उठले. कारण म्हणावं तर पेपरातली एक बातमी. कुठल्याशा देशातल्या दोन मोटार कंपन्या, दोन्ही डबघाईला आलेल्या, म्हणे एक होणार आहेत, आणि त्यांना सावरायला लोकांनी भरलेल्या करातला पैसा घालायचा की नाही यावर तिथं वाद पेटलाय. बातमी एवढीशीच, पण वाचली आणि हातातला चहा निवून गेला. मुलगा म्हणाला, “आई, तुझी काय त्या कंपनीत भागीदारी आहे का, एवढं तोंड पाडायला?” त्याला काय सांगू? गॅलरीत गेले, कपडे वाळले की नाही बघून आले, वाळले नव्हते, परत आले. जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये तुम्ही कधी आला नाहीत. इथं स्वयंपाकघराच्या खिडकीला तुम्ही दिलेला तो मोटारीचा आरसा अजून आहे. घर बदललं तेव्हा सुताराला सांगून मी तो काढून आणला आणि इथं बसवून घेतला. त्याच्यासमोर उभी राहिले की मला बसवत नाही, आणि बसले की त्याच्याकडे बघावंसं वाटतं. असं चाललंय आज.

तुमची ती टेंभुर्णीची वारी आठवते. कारखान्यातून नवी गाडी निघाली की कंपनीचा ड्रायव्हर ती पुण्याकडून घेऊन यायचा, आणि तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं टेंभुर्णीला जाऊन थांबायचात. तसं जायचं काही कारण नव्हतं. ड्रायव्हर गाडी थेट सोलापुरात, तुम्ही मिस्त्री होतात त्या एजन्सीच्या दारात आणून लावणारच होता. पण टेंभुर्णीच्या फाट्यावर त्याला चहा पाजून तुम्ही किल्ली स्वतःकडे घ्यायचात आणि मोडनिंब, मोहोळ करत गाडी हळूहळू घरी आणायचात. “गाडी बोलती गं,” म्हणायचात, “आपुन फकस्त गप बसून ऐकायचं.” एकदा, अकरावीच्या सुट्टीत, मला बरोबर नेलंत. मी मागच्या सीटवर, मांडीवर वही. तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. डावं दार खालून वाजतंय. तिसरा गिअर अडतोय. काच निम्म्यात थांबती. मोहोळला पोचेपर्यंत पान भरलं. कोरी करकरीत गाडी, आत अजून प्लॅस्टिकचा वास, आणि पानभर खोडी! मी हसत होते, तुम्ही हसत नव्हतात. त्या वहीला तुम्ही खोडी-वहीच म्हणायचात.

मग एजन्सीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी पुन्हा एकदा जन्माला यायची. कारखान्यानं एकदा केलेली गाडी तुम्ही आणि तुमची अकरा माणसं तीन-चार दिवस राबून दुसऱ्यांदा करायचात. प्रत्येक नट आवळायचा, दारं उतरवून परत बसवायची. रंगाचं काम करणारे चाचा बोनेटवर अंगठ्याचं नख घासायचे आणि म्हणायचे, “नखून मारे तो कलर निकल रा, मिस्त्री. ये गाडी है के दिवाल?” तुम्ही म्हणायचात, “वरडू नगा चाचा, गिऱ्हाईक ऐकंल. मारा एक हात.” गिऱ्हाईक म्हणजे बार्शीचे कोणी आडतदार, नाहीतर गावातले डॉक्टर, वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले. ते हार-नारळ घेऊन यायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, आणि गाडी सुळकन निघून जायची. त्यांना वाटायचं, कंपनी काय गाडी बनवते! कंपनीलाही तेच वाटायचं. कारण प्रत्येक गाडीमागं कंपनीचा एक इंग्रजी फॉर्म भरून पाठवायचा असायचा, गाडीत काय दोष आढळले त्याचा, आणि त्यात तुम्ही सगळ्या रकान्यांत ‘निल’ लिहायला लावायचात. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. लिहायची मी.

पहिला फॉर्म मात्र मी खरा भरला होता. त्या टेंभुर्णीच्या गाडीचा. शब्दकोश उघडून, खोडी-वहीतली एक-एक ओळ इंग्रजीत करून, सुवाच्य अक्षरात. मला वाटलं होतं तुम्ही पाठीवर हात ठेवाल. शेडमध्ये घेऊन आले तेव्हा सगळे चहाला बसले होते, एजन्सीचे मालकही होते. तुम्ही विचारलंत, “काय लिवलीस वाच बगू.” मी वाचलं, मराठीत सांगितलं. तुमचा चेहरा असा झाला की जणू मी घरातल्या कुणाबद्दल चारचौघांत वाईट बोलले. “कुणी सांगितलं हुतं गं तुला ही शाणपण करायला? कंपनी आजारी हाय. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याची खोड काडती व्हय? गावातली माणसं नंबर लावून बसल्यात, त्यास्नी काय वाटंल?” आणि फॉर्म टराटरा फाडलात. चाचांनी मान दुसरीकडे वळवली. मालक हसले, ते मला जास्त लागलं. मी घरी आले आणि आईला, आपल्या अव्वाला म्हटलं, पुन्हा त्या शेडमध्ये पाय ठेवणार नाही.

दोन दिवसांनी तो आरसा आला. कुर्डुवाडीच्या रस्त्यावर उलटलेल्या गाडीचा, काच मात्र धड. तुम्ही स्क्रू मारून तो खिडकीच्या चौकटीला बसवलात, हवा तसा फिरणारा. “केस विंचर की यात,” एवढंच म्हणालात. त्यात मागची मोरी दिसायची, चूल दिसायची, अव्वा थापत असलेली भाकरी दिसायची. ही तुमची माफी होती हे मला कळत होतं. पण चुकलो असं एकदा तोंडानं म्हणाला असतात तर! सोळा वर्षांच्या मुलीला आरसा पुरत नाही, अप्पा. मी केस विंचरले, फॉर्मवर निल लिहिलं, आणि राग तसाच राखून ठेवला.

पुढची दोन वर्षं कंपनीचं काही खरं नव्हतं. पेट्रोल भडकलं, गाड्या कमी येऊ लागल्या. कारखान्यात संप झाला, मिटला, परत झाला. मग ऐकू आलं की सरकार पैसा घालतंय. मग ऐकू आलं की आपली कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळणार. तुम्ही रोज संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्यांना रेडिओवर ऐकलेलं सांगायचात. शेजारी म्हणायचे, “मोटार फिरवणाऱ्यांसाठी आमचा पैसा कशाला? आमी सायकलवर जातो की.” त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला जसंच्या तसं आठवतं. “व्हय, तुमचाच पैसा हाय त्यो. म्हणूनच तर मी एक नट ढिला सोडत न्हाय. लोकांच्या पैशाची गाडी लोकास्नी धड मिळाय पायजे.” किती सरळ होता हो तुमचा हिशेब! पुढं बँकेत मी तीस वर्षं आजारी कारखान्यांच्या फायली वाचल्या, मोठमोठ्या साहेबांची टिपणं असलेल्या. एवढं सरळ कुणी लिहिलेलं पाहिलं नाही, आणि एवढं चुकीचंही नाही. लोकांचा पैसा घातलाय तर दुखणं लोकांना कळायला नको का? तुम्ही ते दुखणं सोलापूरच्या शेडमध्ये दाबून टाकत होतात आणि कंपनी तिकडं तशाच गाड्या काढत होती. फायलीत तक्रारींच्या रकान्यात ‘नाही’ असं दिसलं की मी ती फाईल परत पाठवायची. ऑफिसात मला चिडवायचे, “बाईंना तक्रार नसेल तर झोप येत नाही.”

परत उठले होते. पाणी पिऊन आले. आता ते लिहायला हवं.

त्या रविवारी सकाळी तुम्ही कंपनीचं जाड पाकीट घेऊन आलात. मालक बार्शीला गेले होते, जाताना म्हणाले होते, वर्कशॉपचे कागद मिस्त्रीच बघतील. नेहमीच्या फॉर्मसारखेच प्रश्न होते, पण सगळ्या वर्षाचे, आणि शेवटी एक छापील पान. मी खिडकीशी बसून भरत होते. तुम्ही मागं मोरीत हाताचं काळं काढत होतात, आधी रॉकेल, मग सोडा. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की विलीनीकरण झाल्यावर सगळीकडची वर्कशॉपं चालवणं परवडणार नाही. जिथून तक्रारी येतात तिथं सरकारच्या पैशातून माणसं आणि सामान वाढवू. जिथं गाड्यांत दोष आढळलेले नाहीत, तिथल्या वर्कशॉपची गरज नाही असं धरू. मी ते दोनदा वाचलं. मला पूर्ण समजलं.

ही गोष्ट मी आयुष्यभर अनेकांना सांगितली आहे. नवऱ्याला, मुलांना, बँकेतल्या मैत्रिणींना. मी अशी सांगते: मी म्हटलं, अप्पा, शेवटच्या पानावर बघा काय लिहिलंय, खोडी-वही दाखवू या त्यांना. आणि अप्पा म्हणाले, सुम्निरु, गप बस, निल लिही. सगळे हळहळतात. म्हणतात, जुनी माणसं, ऐकायची नाहीत.

महिन्याभरानं कंपनीचे साहेब आले. टाय लावलेले, घामानं भिजलेले. मालकांनी मलाही बोलावून घेतलं, कारण फॉर्म भरणारी मी. साहेबांनी पत्र वाचलं. आधी कौतुक होतं, की या केंद्रातून एकही तक्रार नाही. त्याचा अर्थ ऐकून तुम्ही खुशीत येऊन चाचांच्या खांद्यावर थाप मारलीत. मग पुढचं वाचलं, की महिनाअखेर वर्कशॉप बंद. एकजण हातातला पाना घेऊन तसाच उभा होता. साहेब म्हणाले, “मिस्त्री, मला वाईट वाटतं हो. पण शेवटच्या पानावर साफ लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही का?” मालक माझ्याकडे वळले. मग सगळेच वळले.

आणि तुम्ही म्हणालात, “पोरीनं वाचून दावलं हुतं साहेब. वही दावू म्हणत हुती. मीच म्हणलं सुम्निरु, निल लिव. तिची काय बी चूक न्हाय.”

तिथून आली ती गोष्ट. माझी नाहीच ती. तुम्ही त्या शेडमध्ये उभ्या-उभ्या रचलीत, अकरा माणसांच्या देखत, आणि ती माणसं तुमच्यावर चिडली. चाचा बार्शीला कुणाच्या तरी ट्रकच्या बॉड्या रंगवायला गेले आणि जाताना तुमच्याशी बोलले नाहीत, इतक्या वर्षांचे सोबती. तुम्ही टेंभुर्णीच्या एका ट्रक गॅरेजात लागलात. तीच एसटी, तीच पिशवी, पण परत येताना गाडी नाही, पुन्हा एसटीच. ते विलीनीकरण तर झालंच नाही शेवटी. बोलणी फिसकटली, आणि सरकारचा पैसा घेऊन कंपनी आणखी थोडी वर्षं खुरडत राहिली आणि मग बंद पडली. चार वर्षांनी तुम्ही गेलात. त्या चार वर्षांत तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. मी वाट बघत होते. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. कारखान्याच्या गाड्यांची खोड जशी झाकलीत तशीच माझी झाकलीत, आणि मी ती झाकू दिली.

मला त्या रविवारी काय हवं होतं? शेड बंद पडावं असं नव्हतं, शपथेवर सांगते. एवढंच वाटत होतं की तुमचं ते निल एकदा तुमच्यावर उलटावं. कंपनीनं तुम्हाला झापावं, जसं तुम्ही मला झापलंत, सगळ्यांसमोर. मग मी वही काढीन आणि तुम्ही म्हणाल, पोरीचं खरं होतं. साहेब थेट कुलूप लावायला येतील हे डोक्यातच आलं नाही. अकरा घरं डोक्यात आली नाहीत.

हा कागद कुठं टाकायचा? खोडी-वही माझ्याकडे आहे, तिच्यात ठेवीन. दुपार झाली, मुलगा जेवायला हाक मारतोय. त्यालाही मी ती गोष्ट तुमच्याच शब्दांत सांगितली आहे, आज तरी बदलून सांगेन असं वाटत नाही. तुम्हाला मात्र सांगते, जरी तुम्हाला ते मी सांगण्याआधीच ठाऊक होतं. तुम्ही सुम्निरु म्हणाला नव्हतात. मोरीतून, हात धूत, तुम्ही विचारलं होतंत, “शेवटच्या पानावर काय गं हाय?” मी मान वर केली, आरशात तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, आणि मी म्हटलं, “काही नाही अप्पा. सहीची जागा आहे.”